वाचकांचे प्रश्न : टस्कीगीत काय घडलं आणि ते कुठवर पोहोचलं

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मेकन परगण्यात, टस्कीगी विद्यापीठ आहे. ४ जुलै १८८१ रोजी एका चर्चशेजारच्या गळक्या खोपट्यात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी ३० विद्यार्थ्यांना घेऊन ते सुरू केलं. कृष्णवर्णीयांसाठीच्या या संस्थेबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रं इथले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यापासून सुरू होतात, म्हणून आम्हीही तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हणजे भुईमुगाचे तीनशे उपयोग आणि पीनट बटरचा शोध, असं लहानपणापासून ऐकलं आहे. यात खरं किती? शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काय पडलं?

पीनट बटर त्यांनी शोधलेलं नाही. शेंगदाण्याच्या लगद्याचं अमेरिकी पेटंट १८८४ मध्येच दुसऱ्याच्या नावावर झालं होतं आणि कार्व्हर टस्कीगीला आले १८९६ मध्ये. त्यांच्या स्वतःच्या नावावर तीनच पेटंट आहेत. ती १९२५ ते १९२७ या काळातली आहेत आणि सौंदर्यप्रसाधनं व रंगांची आहेत. तीनशेच्या यादीत पाककृती आहेत, घरगुती वापराच्या वस्तू आहेत, प्रयोगशाळेतले नमुनेही आहेत. त्यातलं फारच थोडं बाजारात टिकलं. यादी बाजूला ठेवली तर त्यांचं खरं मोठं काम दिसतं, आणि ते काम मातीतलं आहे.

१८९७ मध्ये टस्कीगीला शेती प्रयोग केंद्र मिळालं. राज्याकडून अनुदान होतं वर्षाला १,५०० डॉलर. भोवतालच्या जमिनी वर्षानुवर्षं कापूस घेऊन थकल्या होत्या. इथे एक गैरसमज नेहमी होतो. कापसाचा धागा जमिनीतलं फारसं काही नेत नाही. नुकसान होतं ते उताराच्या रानात ओळींमधली माती वर्षभर उघडी राहिल्याने. पावसाबरोबर वरचा थर वाहून जातो, त्याबरोबर सेंद्रिय अंशही जातो आणि खाली कडक, पाणी न धरणारी माती उरते. अशा मातीत विकतचं खत टाकलं तरी तेही वाहून जातं. म्हणून कार्व्हर यांनी सुरुवात केली ती फुकटच्या मालापासून. जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला काळा गाळ यांच्या दोन गाड्या, त्यावर गोठ्यातल्या शेणखताची एक गाडी, असे थर कुंपण घातलेल्या जागेत रचायचे. ढीग वरून गोलसर ठेवायचा, पावसाचं पाणी आत मुरून कस धुपू नये म्हणून त्यावर साधं छप्पर करायचं आणि वसंतापर्यंत कुजू द्यायचं. त्यांच्या शेतीपत्रिका याच धाटणीच्या होत्या. १८९८ पासून त्यांच्या हयातीत अशा चाळिसाहून अधिक पत्रिका निघाल्या. कमी शिकलेल्या माणसाला वाचता येईल अशी भाषा, दारात सापडेल असं साहित्य आणि शेवटी तेच पीक कसं शिजवायचं याची कृती. १९१६ ची ३१ वी पत्रिका भुईमुगाची होती आणि तिच्यात खाण्याच्या १०५ कृती होत्या. नवं पीक घरात खाल्लं गेलं तरच ते दुसऱ्या वर्षी रानात टिकतं, हे त्यामागचं गणित होतं.

आता भुईमूग. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र बांधतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शेंगा काढताना वेल मुळासकट उपटला आणि पाला जनावरांना घातला, तर बांधलेला नत्र बहुतांशी रानाबाहेर जातो. जमीन सुधारायची असेल तर पाला किंवा त्याचं शेणखत परत रानात यायला हवं, नाहीतर चवळीसारखं पीक हिरवळीचं खत म्हणून गाडायला हवं. कार्व्हर यांनी चवळीवर स्वतंत्र पत्रिका काढली ती उगाच नव्हे.

दुसरी अडचण शेंगा भरण्याची. फुलानंतर खाली वाढणारे देठ, म्हणजे आऱ्या, मातीत शिरतात आणि त्यांच्या टोकाला शेंग धरते. वाढत्या शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांवाटे फारसं मिळत नाही, शेंग ते भोवतालच्या मातीतून स्वतः ओढून घेते. त्यामुळे वेल वर हिरवागार दिसतो आणि उपटल्यावर हाती पोचट शेंगा येतात. आऱ्या सुटतात त्या वेळी वरच्या दोन-तीन इंचांत चुना किंवा जिप्सम असणं आणि माती भुसभुशीत असणं महत्त्वाचं, ते यासाठी.

एवढं करूनही सल्ला अडायचा तो कर्जाच्या वहीत. वाट्याने कसणाऱ्याला बियाणं आणि किराणा उधारीवर मिळायचा, तो पिकाच्या तारणावर, आणि सावकाराला तारण म्हणून कापूसच हवा असायचा. चवळी पेरायला बंदी नव्हती, पण चवळीवर उधारी मिळत नव्हती. १९१० मध्ये बोंडं पोखरणारा भुंगा अलाबामात पोहोचला आणि कापसाचा भरवसा डळमळला. त्यानंतर भुईमुगाकडे वळणं पुष्कळांना परवडू लागलं. कार्व्हर यांचं विज्ञान त्याआधीही बरोबरच होतं. ते अमलात आणायची मोकळीक शेतकऱ्याला नव्हती.

प्रश्न : टस्कीगीची ‘चाकावरची शाळा’ म्हणजे काय?

१९०६ मध्ये न्यूयॉर्कचे बँकर मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, कार्व्हर यांनी आराखडा केला आणि खेचरं ओढतील अशी गाडी तयार झाली. तिला जेसप वॅगन म्हणत. तिच्यात नांगर, एका जनावराचं कोळपं, पेरणीयंत्र, दुधातली साय काढण्याचं यंत्र, दूध तपासायचं साहित्य, लोणी घुसळायचा रवी-पिंप असं सामान होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टॉमस कॅम्पबेल हे तिच्यावर रुजू झाले. केंद्रीय कृषिखात्याने नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय शेती-प्रचारक.

पद्धत अशी की भाषण नाही. वस्तीतलं एक रान निवडायचं, शेजाऱ्यांना बोलवायचं, त्यांच्याच जनावराला नांगर जुंपून दाखवायचं आणि काही दिवसांनी त्याच रानात परत यायचं. हे परत येणंच मोलाचं. एकदा दाखवलेली नांगरट लोक कौतुकाने बघतात आणि विसरतात. उगवण बघायला शिकवणारा माणूस स्वतः आला, तर चूक कुठे झाली ते जागेवर कळतं. पुढे गाडीच्या जागी मोटारट्रक आला. त्यावर शेतीच्या माणसाबरोबर घरकाम शिकवणारी बाई आणि परिचारिका असत. एखाद्या घरी मुक्काम टाकून संडास बांधणं, खिडक्यांना जाळ्या लावणं, भिंतींना चुना देणं, बाळाची तपासणी, अशी कामं घरच्यांच्या हातून करवून घेतली जात. १९१५ मध्ये वॉशिंग्टन यांनी सुरू केलेला कृष्णवर्णीयांचा आरोग्य सप्ताह हाही याच विचारातून आला.

प्रश्न : हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींचा ‘कारखाना’ टस्कीगीत होता आणि पोलिओची लस तिथे बनली, असं वाचलं. म्हणजे कर्करोगाच्या पेशींत वाढवलेली लस मुलांना टोचली का?

नाही. पोलिओची ती लस जोनास साल्क यांची. साल्क लसीचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवला जायचा. टस्कीगीत तयार झाल्या त्या लस तपासण्यासाठीच्या पेशी. हा फरक समजला की त्या कामाचा आवाका कळतो.

आधी पेशींबद्दल. हेन्रिएटा लॅक्स यांच्यावर १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार झाले. त्या वेळी घेतलेल्या तुकड्यातल्या पेशी काचेच्या नळीत थांबेचनात, वाढतच राहिल्या. त्यासाठी लॅक्स यांना विचारलं गेलं नव्हतं. ४ ऑक्टोबर १९५१ ला वयाच्या ३१ व्या वर्षी त्या वारल्या आणि पेशींचं काय झालं हे कुटुंबाला कळायला वीसेक वर्षं गेली. या पेशींना हेला म्हणतात. पोलिओचा विषाणू त्यांच्यात सहज वाढतो आणि त्यांना मारतो, हे लवकरच दिसून आलं.

१९५४ मध्ये १८ लाख मुलांवर लसीची चाचणी होणार होती. लसीने प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारे रक्तातले घटक, तयार झाली का, हे बघण्यासाठी हजारो मुलांच्या रक्ताची तपासणी लागणार होती. ती ढोबळ मानाने अशी होते. रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव, वेगळं करून ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं. त्याची चौपट, सोळापट, चौसष्टपट अशी विरळ द्रावणं करायची. प्रत्येकात जिवंत विषाणूची ठरलेली मात्रा मिसळायची. तासभर ठेवून ते मिश्रण पेशींच्या नळीत घालायचं आणि काही दिवस थांबायचं. प्रतिपिंडं असतील तर विषाणू निकामी होतो आणि पेशी काचेला चिकटून पसरलेल्या राहतात. नसतील तर पेशी आकसून गोल होतात, काचेवरून सुटतात आणि मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसतं.

नळ्या किती लागतात बघा. समजा एका मुलाचे लशीआधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने आहेत. पोलिओचे प्रकार तीन. प्रत्येकासाठी चार विरळ द्रावणं आणि खात्रीसाठी प्रत्येकाच्या दोन नळ्या. झाल्या ४८ नळ्या, एका मुलाच्या. इतक्या तपासण्या माकडांच्या पेशींवर करायच्या तर खर्च अफाट झाला असता. म्हणून पोलिओच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानने हेला पेशींचं मोठं उत्पादन करायचं ठरवलं. प्रतिष्ठानमध्ये कृष्णवर्णीय समाजासाठीचं काम बघणारे चार्ल्स बायनम यांनी त्यासाठी टस्कीगीचं नाव सुचवलं. काम सांभाळलं रसेल ब्राउन आणि जेम्स हेंडरसन यांनी. मिनेसोटा विद्यापीठात जाऊन दोघांनी हे तंत्र शिकून घेतलं. सुरुवात मूठभर तंत्रज्ञांवर झाली, पुढे माणसं ३५ पर्यंत गेली आणि त्यांत स्त्रिया बऱ्याच होत्या. भर काळात आठवड्याला २० हजारांच्या आसपास नळ्या निघत होत्या. १९५५ मध्ये काम थांबेपर्यंत सुमारे ६ लाख नळ्या बाहेर पडल्या.

या कामात बिघडतं कुठे, ते सांगणं गरजेचं आहे, कारण आकड्यांमागचं कसब त्यातच आहे. पहिली गोष्ट काच. धुताना साबणाचा अंश राहिला तर पेशी काचेला धरत नाहीत. नव्या रबरी बुचांतूनही पेशींना मारक द्रव्यं सुटतात, म्हणून बुचं आधी उकळून घ्यावी लागतात. दुसरी गोष्ट पोषकद्रव. त्या काळी त्यात माणसाचं सीरम घालत. एखाद्याचं सीरम पेशींना बाधतं, तर दुसऱ्याच्या सीरममध्ये पोलिओची प्रतिपिंडं आधीच असतात. ती नळीत राहिली तर विषाणू मरेल आणि लस घेतलेली नसली तरी मूल सुरक्षित ठरेल. म्हणून सीरमची प्रत्येक खेप तपासावी लागते आणि चाचणीआधी पेशी धुऊन त्यांना वेगळ्या द्रवावर आणावं लागतं. तिसरी गोष्ट मोजणी. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून द्रव एकसारखा विरळ केला नाही, तर एका नळीत दाट थर बसतो आणि दुसरीत चार बेटं. मग दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत.

एक खूण मात्र डोळ्यांनी दिसते. द्रवात फिनॉल रेड नावाचा रंग घातलेला असतो. पेशी खात-पीत असल्या की आम्ल सोडतात आणि लालसर द्रव पिवळा होत जातो. बूच सैल राहून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की तो जांभळट होतो. हाताळणारा माणूस नळ्यांच्या रांगेवर नजर टाकूनच कुठली काढून टाकायची ते ओळखतो.

त्यानंतर पाठवणी. पेशी ३७ अंशांवर वाढतात. थोडी थंडी त्या सोसतात, वाढ मंदावते इतकंच. उष्णता मात्र त्या सोसत नाहीत, माणसाच्या तापाएवढ्या तापमानाच्या जरा पुढे गेलं की मरतात. अलाबामाच्या उन्हाळ्यात बंद पेटी फलाटावर किंवा धावपट्टीशेजारी दोन तास राहिली, तर आतली आठवड्याची मेहनत गेली. त्यामुळे पेटीचं आवरण, भरण्याची वेळ आणि प्रवासाचे तास या गोष्टी पोषकद्रवाइतक्याच काटेकोर ठेवाव्या लागत. पेशी वाढवणं जमलेल्या प्रयोगशाळा तेव्हा आणखीही होत्या. त्या ठरल्या दिवशी, एकसारख्या आणि जिवंत पोहोचवणं टस्कीगीने करून दाखवलं, आणि आमच्या मते त्यांची खरी कामगिरी तीच. जेसप वॅगनपासून चालत आलेली ती सवय होती.

प्रश्न : याच टस्कीगीत माणसांना सिफिलिसची लागण करून प्रयोग केले ना? मग वारशाचा अभिमान कसा बाळगायचा?

लागण केली नव्हती. पण जे केलं ते कमी भयंकर नाही. प्रयोग अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा होता, विद्यापीठाचा नव्हे. १९३२ मध्ये मेकन परगण्यातले ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले गेले. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस आधीपासून होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न केल्यास आजार कसा वाढतो हे मरेपर्यंत बघायचं, हा उद्देश. त्यांना सांगितलं ‘रक्त खराब आहे’. पाठीच्या कण्यातून पाणी काढणं ही फक्त तपासणी होती, ती खास मोफत उपचार म्हणून सांगितली गेली. जेवण, वाहन आणि अंत्यसंस्काराचा खर्च दिला, बदल्यात शवविच्छेदनाची परवानगी घेतली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार झाला. तोही त्यांच्यापासून दूर ठेवला गेला.

संस्थेचा हात नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. तपासण्या आणि शवविच्छेदनं संस्थेच्या जॉन अँड्र्यू रुग्णालयात झाली. या माणसांशी वर्षानुवर्षं संपर्क ठेवणाऱ्या परिचारिका युनिस रिव्हर्स टस्कीगीतच शिकल्या होत्या. चर्च, शाळा, परिचारिका यांच्या मार्गाने टस्कीगीने गावोगाव विश्वास कमावला होता. नांगर आणि बाळाची तपासणी ज्या वाटेने घरात आली, त्याच वाटेने ही फसवणूकही आली. आम्हाला हाच भाग सर्वांत जास्त टोचतो, आणि टस्कीगीबद्दल लिहिताना तो वगळू नये असं वाटतं.

२५ जुलै १९७२ ला वृत्तसंस्थेने प्रकरण बाहेर काढलं आणि त्या वर्षीच प्रयोग थांबला. १९७४ मध्ये संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणाचा राष्ट्रीय कायदा झाला. संशोधनातल्या नीतीबद्दलच्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं मांडली. १६ मे १९९७ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली आणि १९९९ मध्ये विद्यापीठात संशोधन व आरोग्यसेवेतल्या नीतिविचाराचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. आज अमेरिकेत संशोधनाच्या संमतिपत्रात हे संशोधन आहे असं सरळ लिहावं लागतं. कुठली गोष्ट प्रयोगाची आहे, दुसरा कोणता उपचार उपलब्ध आहे आणि कधीही बाहेर पडता येतं, हेही सांगावं लागतं. यातली प्रत्येक ओळ मेकन परगण्यात गाळली गेली होती.

प्रश्न : वॉशिंग्टन यांनी हातकामावर भर देऊन उच्चशिक्षण मागे ढकललं, ही टीका पटते का?

काही अंशी पटते. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी १९०३ मध्ये ती मांडली. टस्कीगीत पदवीचे अभ्यासक्रम १९२० च्या दशकातच सुरू झाले, हा उशीर खरा आहे. पण हातकाम म्हणजे हलकं काम, असं तिथे नव्हतं. विटांचंच घ्या. पहिल्या भट्टीत सुमारे २५ हजार विटा रचल्या होत्या. रचना आणि जाळ चुकला, भट्टी फुकट गेली. दुसरीही गेली. तिसरी आठवडाभर जळत आली आणि शेवटच्या रात्री कोसळली. वॉशिंग्टन यांनी घड्याळ १५ डॉलरला गहाण ठेवून चौथी लावली, ती साधली. पुढे विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांनी इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या अनेकांचे नकाशे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेल्या रॉबर्ट टेलर यांनी काढले होते.

तोच अनुभव गावच्या शाळांना लागला. १९१२ मध्ये उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या पैशांतून टस्कीगीजवळ सहा शाळांपासून काम सुरू झालं. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या. रोझेनवाल्ड यांच्या निधीने सुमारे ४३ लाख डॉलर दिले, कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी ४७ लाख. कर भरून झाल्यावर वर हे. वर्गात वीज नसायची, म्हणून खिडक्यांची सलग रांग पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवायची आणि बाकं अशी मांडायची की उजेड डाव्या खांद्यावरून येईल. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हाताची सावली मग कागदावर पडत नाही. सगळंच सुरळीत झालं नाही. पसारा वाढला तशी देखरेख अपुरी पडली, १९१९ च्या पाहणीत बांधकामातले दोष निघाले आणि १९२० मध्ये कारभार टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला हलवला गेला.

प्रश्न : आज टस्कीगीची ओळख कशासाठी?

पशुवैद्यकासाठी, असं पटकन म्हणता येईल. १९४५ मध्ये सुरू झालेल्या इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयातून अमेरिकेतले सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय पशुवैद्य शिकून गेले आहेत. अल्फ्रेडा जॉन्सन वेब १९४९ मध्ये इथूनच पदवीधर झाल्या. त्या देशातल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय स्त्री-पशुवैद्यांपैकी एक.